हिरवं रीळ

३ मार्च, सोमवार

बावीस वर्षं नोकरी केल्यावर आज कळलं की माझं नेतृत्व अजून 'विकसित' व्हायचं आहे. पन्नाशी ओलांडलेल्या बाईचं काय काय विकसित होतं ते मला ठाऊक आहे, आणि त्यातलं काहीच मिरवण्यासारखं नसतं.

बातमी अशी — थोरले मे महिन्यात निवृत्त होतायत. थोरले म्हणजे आमच्या धुलाई कारखान्याचे प्रमुख. पाच रुग्णालयांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे गाउन आमच्याकडे नको तशा अवस्थेत येतात आणि स्वच्छ होऊन जातात. त्यांच्या खुर्चीसाठी दोन माणसं. एक मी, उत्पादन बघते. दुसरा, माल पाठवणी बघणारा टाय. त्याला खरं नावही आहे, पण वाफेच्या खोलीतसुद्धा गळ्यात टाय आवळून फिरणाऱ्या माणसाला आणखी नाव कशाला.

निवडीसाठी बाहेरून एक प्रशिक्षक बाई आणल्यात. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचा तक्ता आहे. म्हणून तक्तेबाई. कार्यक्रमाचं नाव 'अनुभवातून नेतृत्व'. म्हणाल्या, माणूस शंभरातलं सत्तर कामातून शिकतो, वीस दुसऱ्यांकडून आणि जेमतेम दहा वर्गात. मग हेच सांगायला आम्हाला तीन तास वर्गात का बसवलं, असं विचारणार होते. समोर थोरले बसले होते. नाही विचारलं. हेच माझं नेतृत्व.

तर सहा आठवडे आपापलं खातं सोडायचं आणि कधीच न सांभाळलेलं खातं सांभाळायचं. शेवटी समितीपुढे सादरीकरण. टायला धुलाईची मशीनं दिली. मला शिवणखोली.

बाहेर सगळ्यांना सांगत फिरतेय, "मिळालं तर मिळालं, नाही तर नाही." इथे खरं लिहिते. मला ती खुर्ची हवी आहे. हवी म्हणजे हवीच.

४ मार्च, मंगळवार

नवऱ्याला सांगितलं. तो चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासतो, त्यामुळे घरातही समोरच्याला दिसतंय किती याचा अंदाज घेत बोलतो.

"शिवणखोली? तुला बटण लावता येत नाही."

"मला शिवायचं नाहीये. नेतृत्व करायचंय."

"हां, मग बटणाची गरज नाही," म्हणाला आणि पेपर वाचायला लागला.

६ मार्च, गुरुवार

शिवणखोली इमारतीच्या अगदी मागे आहे. कारखान्यात बावीस वर्षं काढली, पण आत पाय ठेवला तो फार तर चार वेळा, तेही आग विझवायची नळकांडी जागेवर आहेत का बघायला. सात बायका, सात मशीनं, मधे एक लांब टेबल — वर काच, खाली दिवे. फाटकी चादर काचेवर पसरली की बारीकसं भोकसुद्धा चांदणीसारखं चमकतं. मग ठिगळ, रफू, घडी, पुढे.

खोलीच्या मुख्य आहेत काकू. सगळेच काकू म्हणतात, थोरलेसुद्धा. बावीस वर्षांपूर्वी मी इथे लागले तेव्हा त्या धुलाईच्या सुपरवायझर होत्या. ब्लीच किती, पाणी किती गरम, मशीन कुरकुरायला लागलं की लाथ नेमकी कुठे मारायची — सगळं त्यांनीच शिकवलं. तेव्हा मला "अगं ए" म्हणायच्या. नंतर एका भानगडीत त्यांची इकडे बदली झाली. आता मला "मॅडम" म्हणतात. इतक्या व्यवस्थित म्हणतात की त्यात नाव ठेवायला जागा नाही.

इथली एक गंमत. प्रत्येकीच्या धाग्याचा रंग ठरलेला. चादर दुरुस्त केली की कोपऱ्यात आपल्या रंगाचे दोन टाके घालायचे. पुढच्या धुलाईत शिवण उसवली, तर धुलाईवाले कोपरा बघतात आणि जिची चादर तिच्या टोपलीत परत पाठवतात. त्यामुळे नावंही तीच पडलीत. "जांभळीचा दात दुखतोय." "पिवळी आज उशिरा येणार आहे." काकू निळ्या. लाल, केशरी, तपकिरी, गुलाबी — सगळे रंग आहेत. भिंतीवर रिळांची फळी आहे, तीवर आठ खिळे. एक रिकामा.

"आठवा कोणता?" मी विचारलं.

"हिरवा. कोणी घेत नाही," काकू म्हणाल्या आणि मशीनचं पेडल दाबलं. पुढचं बोलणं मशीननेच केलं.

१० मार्च, सोमवार

पहिल्याच आठवड्यात पहिला निर्णय! एका रुग्णालयाच्या मेट्रनबाईंची जुनी तक्रार फायलीत सापडली — कोपऱ्यात रंगीबेरंगी टाके दिसतात, चादर फाटकी होती हे रुग्णाला कळतं. बरोबर आहे. शिवाय पांढरा काढून रंगीत धागा ओवताना दर वेळी दोन-तीन मिनिटं जातात, ती वेगळीच. मी तिथल्या तिथे ठरवलं, आजपासून सगळ्यांना पांढरा धागा. कोपऱ्यात टाके नाहीत. एकसारखं, स्वच्छ काम.

चिठ्ठी लिहून काकूंच्या हातात दिली. त्यांनी ती उलटून पालटून पाहिली.

"मॅडम, खाली सही?"

"चिठ्ठीवर कसली सही, काकू? मी समोर उभी आहे की."

"आत्ता आहात," म्हणाल्या.

मी चिठ्ठीवर सही करत नाही. पहिल्यापासूनची सवय. वेळ वाचतो.

११ मार्च, मंगळवार

तक्तेबाईंनी रोज भरायला एक फॉर्म दिलाय. तीन रकाने — काय घडलं, काय वाटलं, काय शिकले. आजचा भरला. घडलं: बदल राबवला. वाटलं: आव्हानात्मक. शिकले: संवाद महत्त्वाचा. गेल्या वर्षीच्या आगीच्या कवायतीचा अहवालही मी साधारण याच शब्दांत दिला होता.

१४ मार्च, शुक्रवार

दिवसाला एकशे चाळीस चादरी व्हायच्या, आज एकशे शहाऐंशी. तक्तेबाईंनी आलेख काढला. वर जाणारी रेघ बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मलाच संकोच वाटला. फोटो काढला — मी, आलेख आणि मागे सात पाठी. एकीनेही वळून पाहिलं नाही.

तिकडे टायने साबणाचं माप स्वतः ठरवलं म्हणे. धुलाईची फरशी घोट्यापर्यंत फेसात. टायचं टोक वर धरून तो त्यातून चालत होता असं पिवळीने सांगितलं. सांगताना तिला हसू आवरेना. मला फार वाईट वाटलं — की मी बघायला नव्हते.

१७ मार्च, सोमवार

सादरीकरणाचा विषय आला. 'माझी एक चूक आणि तिने मला कसं घडवलं.' दहा मिनिटं.

मला काय, गोष्ट तयारच आहे. गाउनची. अकरा वर्षांपूर्वी ऑपरेशनचे साडेतीनशे हिरवे गाउन पांढऱ्या मालाबरोबर मशीनमध्ये गेले आणि ब्लीच लागून पिवळे चट्टे घेऊन बाहेर आले. धुलाई विभागाकडून चूक झाली होती. वेळ सकाळी अकरा, दुसऱ्या दिवशी ऑपरेशनं. मी तीन कारखान्यांना फोन लावले, स्वतः गाडी घेऊन निघाले, संध्याकाळी सहाच्या आत साडेतीनशे गाउन रुग्णालयात. एकही ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं नाही. तीन महिन्यांनी बढती.

ही गोष्ट मी आतापर्यंत पंधरा-वीस वेळा सांगितली असेल. दर वेळी गाडीचा वेग थोडा वाढतो. 'माझी चूक' या शब्दांत ती तंतोतंत बसत नाही, पण 'आमची चूक' म्हटलं की बसते. उलट मोठं मन दिसतं.

धुलाई विभाग तेव्हा काकूंकडे होता. गोष्टीत मी त्यांचं नाव घेत नाही. उगाच कोणाला कशाला दुखवा.

२१ मार्च, शुक्रवार

उसवलेल्या चादरी परत यायला लागल्यात. आधी दिवसाला तीन-चार यायच्या. आज एकोणीस. धुलाईत टायने काहीतरी गोंधळ घातला असणार.

२४ मार्च, सोमवार

आज एक्केचाळीस.

मेट्रनबाईंचा फोन. एका आजोबांचा पाय चादरीच्या उसवलेल्या ठिगळात अडकला. पडता पडता वाचले. "रंगीत टाके परवडले हो," म्हणाल्या.

सगळ्यांना टेबलाभोवती उभं केलं. एक्केचाळीस चादरींचा ढीग काचेवर. "हे काम कोणाचं आहे?" सगळ्या त्या ढिगाकडे माझ्यासारख्याच पाहत होत्या, जणू तो आत्ताच छपरातून पडलाय. कोणाचंच नव्हतं. पांढऱ्यावर पांढरा धागा, बोट कुठे ठेवणार.

मी जबाबदारीवर वीस मिनिटं बोलले. चांगलं बोलले. गुलाबीने जांभई दिली, पण तोंडावर हात ठेवून. तेवढा मान आहे मला.

धुलाईत जाऊन आले. टायने गोंधळ घातलेला नाही. फेसाच्या प्रकरणानंतर तो तिथल्या माणसांना विचारून विचारून काम करतोय म्हणे. चिडचिड झाली.

२६ मार्च, बुधवार

चहाच्या वेळी काकूंच्या शेजारी स्टूल ओढून बसले. म्हटलं, काकू, या बायका मुद्दाम करतायत का?

त्यांनी बशीत चहा ओतला. फुंकर मारली. मी ताटकळले. बावीस वर्षांपूर्वीही अशाच ताटकळत ठेवायच्या.

"मुद्दाम कशाला करतील? आपल्याच पोटावर पाय देतील का त्या? जांभळी कोपऱ्यात सैल शिवते. तिला ते माहीत आहे. का माहीत आहे? तिच्या टोपलीत तेच परत यायचं. दोन वर्षं आलं, मग हात आवळला. पिवळीचं ठिगळ आधी तिरकं बसायचं. आता बघा. आता कोणाचं काय परत आलं तेच कळत नाही. मग हाताला कोण सांगणार?"

"पण तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत कुठे? चिठ्ठी दिलीत."

जांभळी मागून म्हणाली, "आणि मॅडम, आपलं फाटलेलं आपल्याकडे आलं की लाज वाटते. दुसरीच्या टोपलीत गेलं की गंमत वाटते." सगळ्या हसल्या. मीही हसले. एकटी उशिरा.

२८ मार्च, शुक्रवार

रंगीत धागे परत. मेट्रनबाईंसाठी टाके चादरीच्या खालच्या बाजूला, दुमडीत घालायचे — ही युक्ती तपकिरीची. मला तीन आठवड्यांत सुचली नाही, तिला तीन मिनिटांत. विचारल्यावर म्हणाली, "ते मी दोन वर्षांपूर्वीच म्हटलं होतं." कोणाला म्हटलं होतं? "काचेला."

तक्तेबाईंचे ते सत्तर टक्के डोक्यातून जात नाहीत. कामातून माणूस शिकतो म्हणे. जांभळी शिकली, कारण तिची शिवण उसवली की तिच्याकडे यायची. आम्ही अधिकारी मंडळी काय करतो? शिवतो, टाळ्या घेतो आणि शिवण उसवायच्या आत वरच्या मजल्यावर जातो. उसवलेलं खालच्याच्या टोपलीत पडतं. तो म्हणतो, मागच्या मॅडम काय हुशार होत्या, यांच्याच काळात उसवायला लागलंय. बावीस वर्षांत माझ्याकडे माझं एकही ठिगळ परत आलं नाही. त्यालाच मी अनुभव म्हणत होते.

हे फॉर्मवर लिहिलं नाही. फॉर्मवर लिहिलं: शिकले — लवचिकता महत्त्वाची.

३१ मार्च, सोमवार

काकूंना म्हटलं, उरलेले दोन आठवडे मला शिवायला शिकवा. सातजणींनी एकदम मशीनं थांबवली.

काकूंनी कोपऱ्यातलं जुनं मशीन पुसून दिलं. मग स्वतःच्या खणातून एक रीळ काढून माझ्यापुढे ठेवलं. हिरवं.

"एवढंच शिल्लक आहे," म्हणाल्या.

ऑपरेशनच्या गाउनचा असतो, नेमका तो हिरवा.

दिवसभरात चार चादरी शिवल्या. दोनदा बोटात सुई गेली.

१ एप्रिल, मंगळवार

आज लिहीत नाही.

२ एप्रिल, बुधवार

लिहितेच. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. तिलाही खोटं सांगायचं तर आणखी एक फॉर्म काय वाईट.

गाउनची गोष्ट. मी तेव्हा वरच्या मजल्यावर रोजच्या मालाचं नियोजन बघायचे. त्या दिवशी एक मशीन बंद होतं आणि दिवसाचा माल पुरा होईना. मीच काकूंना चिठ्ठी पाठवली — हिरवे गाउन चार नंबरच्या मशीनमध्ये, पांढऱ्यांबरोबर टाका. काकू स्वतः वर आल्या. "अगं, चार नंबरला ब्लीच आपोआप सुटतं." मी म्हटलं, "आज बंद ठेवायला सांगते मिस्त्रीला. तुम्ही टाका." आणि मिस्त्रीला सांगायचं विसरले. एवढंच. दुष्टपणा नव्हता. फोन आला, दुसरा आला, विसरले.

पण चौकशीत थोरल्यांनी विचारलं, "तू चिठ्ठी दिली होतीस?" तेव्हा मी विसरले नव्हते. म्हटलं, "आठवत नाही."

नेमके हेच दोन शब्द. त्यानंतर काकू शिवणखोलीत आणि मी आणखी वर. विझवलेल्या आगीबद्दल बढती, आणि काडी कोणी लावली ते फायलीत — दुसऱ्याच्या नावावर.

४ एप्रिल, शुक्रवार

सगळ्या गेल्यावर काकूंना गाठलं. त्या रिळं फळीवर लावत होत्या. मी म्हटलं, "काकू, ते गाउनचं..."

"हं."

"चिठ्ठी होती ना तुमच्याकडे?"

"एप्रनच्या खिशात होती. संध्याकाळी एप्रन धुवायला गेला. धुलाईचा कारखाना आहे, मॅडम. इथे सगळं धुतलं जातं. खिशातून नुसता लगदा निघाला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

आता त्या वळल्या. "बोलले की. चौकशीत सगळं सांगितलं. म्हणाले, चिठ्ठी दाखवा. नव्हती. म्हणाले, सही कोणाची होती? कोणाचीच नव्हती. म्हणाले, मॅडमना विचारू. विचारलं." जांभळं रीळ त्यांनी खिळ्यावर घातलं. "मला आठवत नाही म्हणायला जमत नाही. जमलं असतं तर मीही वर गेले असते."

सॉरी म्हणायला गेले तर तो शब्द रुमालाएवढा वाटला, आणि झाकायची होती चादर.

"वर्षभर वाटायचं, येईल ती खरं सांगायला," काकू म्हणाल्या. "मग काम वाढलं. दिवा बंद करा जाताना."

७ एप्रिल, सोमवार

आतापर्यंत सव्वीस चादरी. धागा मुळी सरळ जात नाही. केशरी म्हणाली, "मॅडम, तुमची शिवण चालत नाही, फिरायला जाते." रागवावं असं वाटलं नाही.

परवा-तेरवापर्यंत सादरीकरण तयार करायचंय. गाडीच्या वेगाची गोष्ट एकदा आरशासमोर बोलून बघितली. 'आमची चूक'पाशी अडखळले. तीनदा.

११ एप्रिल, शुक्रवार

झालं. समितीत थोरले, तक्तेबाई आणि संचालक मंडळातले तिघे. टाय आधी बोलला — फेसाची गोष्ट. प्रामाणिक होती, लहान होती. मग मी.

मी खरी गोष्ट सांगितली. चिठ्ठी, मिस्त्री, 'आठवत नाही', सगळं. कागद टेबलावर ठेवून बोलले. थोरले खिडकीबाहेर बघत होते. संपवून खाली बसले. म्हटलं, गेली खुर्ची. आणि खरं सांगते, हलकं वाटलं.

मग तक्तेबाई उभ्या राहिल्या. डोळे पाणावलेले. "आपली कमजोरी इतक्या मोकळेपणाने दाखवणं... यालाच तर परिपक्व नेतृत्व म्हणतात." टाळ्या! संचालकांपैकी एकजण मला म्हणाले, असं धाडस तरुण अधिकाऱ्यांना ऐकवायला हवं, बाई, तुम्ही एक सत्र घ्या.

अर्ध्या तासात निकाल. मी. खुर्ची माझी.

टाय हात मिळवून म्हणाला, "तुमच्याकडे चूकच मोठी होती हो. माझ्याकडे नुसता फेस." मनापासून म्हणाला बिचारा.

आनंद झालाय. का नाही व्हायचा?

१२ एप्रिल, शनिवार

नवऱ्याने माझ्यासाठी फुलं आणली. देठं कापता कापता म्हणाला, "काकू काय म्हणाल्या?"

"कशाबद्दल?"

"तू कबूल केलंस त्याबद्दल."

"त्यांना अजून... सोमवारी कळेलच."

"त्या समितीत नव्हत्या?"

"नाही."

"मग कबूल कोणाकडे केलंस?"

तो फुलदाणीत पाणी भरत होता. "तुला लांबचं छान दिसतं," म्हणाला. "जवळचं दिसत नाही. या वयात होतं तसं. त्याला चष्मा असतो."

फुलं दाराशी ठेवली. मग परत आत आणली. फुलांचा काय दोष. दुपारभर विचार केला. साडेतीनशे गाउनमधून मला एक बढती मिळाली होती. आता त्याच गाउनमधून दुसरी. काकूंच्या फायलीत मात्र अजून तेच लिहिलेलं आहे — 'निष्काळजीपणा'. शब्दही मीच सुचवला होता.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी थोरल्यांपुढे लेखी निवेदन ठेवलं. दीड पान. चिठ्ठी मी दिली, ब्लीच बंद करायला सांगायचं मी विसरले, चौकशीत खोटं मी बोलले. काकूंची फाइल दुरुस्त करावी आणि त्यांची जागा त्यांना परत द्यावी.

थोरल्यांनी चष्मा काढला. "अगं, झालं ना आता. टाळ्या मिळाल्या, खुर्ची मिळाली. तोंडी होतं तोवर ती गोष्ट होती. लेखी दिलंस की पुरावा होतो. मला चौकशी लावावी लागेल. तुझी नेमणूक थांबेल. कदाचित आहे तेही पद जाईल."

"हो, साहेब."

"काकूंची अजून तीनच वर्षं राहिलीत. त्या काही मागत नाहीत."

"म्हणूनच."

"मग निदान सही तरी करू नकोस. मी बघतो कसं बसवता येतं ते. जुना माणूस म्हणून सांगतोय."

त्यांचं वाईट वाटलं. चांगल्या मनाने सांगत होते. मलाही या कारखान्यात सगळ्यांनी सगळं चांगल्या मनानेच शिकवलं.

दोन्ही पानांवर सही केली. तारीख घातली. वेळही घातली — नऊ वाजून चाळीस मिनिटं. एक प्रत नेऊन काकूंच्या मशीनवर ठेवली. त्यांनी वाचली, चार घड्या घातल्या आणि एप्रनच्या खिशाकडे नेलेला हात मधेच थांबवून पर्समध्ये ठेवली. मग पेडल दाबलं.

५ मे, सोमवार

चौकशी झाली, खुर्ची गेली, मी शिवणखोलीतच राहिले. आज माझ्या टोपलीत पहिली चादर परत आली. दुमडीत हिरवे दोन टाके, शिवण वीतभर उसवलेली. सोबत धुलाईच्या नव्या सुपरवायझरची चिठ्ठी टाचलेली होती —

'अगं ए, हे तुझं. नीट शिव.'

खाली सही. तारीख. वेळ.